बंद वाट आणि उघडा प्रश्न : लिनक्सवरील डीएनएस-गळतीची चिकित्सा

१. विषयाचे स्वरूप

शीव–पनवेल महामार्गालगत सिडकोने वसविलेल्या कामोठे ह्या वसाहतीत एखादे घर शोधू पाहणाऱ्यास इमारतीचे नुसते नाव ठाऊक असून भागत नाही. सेक्टर आणि भूखंड क्रमांक हाती आल्यावाचून रिक्षा कोणत्या रस्त्यास वळवावी हे ठरत नाही. म्हणून नवखा मनुष्य आधी नाक्यावर इमारतीचे नाव सांगून ठिकाण विचारून घेतो आणि मगच पुढे निघतो. विचारणे आणि जाणे ह्या येथे दोन निराळ्या क्रिया आहेत. जाताना रिक्षाचे पडदे दोन्ही बाजूंनी घट्ट ओढून घेतले, तरी नाक्यावर पत्ता मोठ्याने विचारला असेल, तर हा मनुष्य कोणाकडे निघाला आहे हे तेथे उभ्या असलेल्या साऱ्यांना आधीच कळून चुकलेले असते.

इंटरनेटवरील व्यवहारातही हेच दोन टप्पे आहेत. वापरणारा संकेतस्थळाचे नाव लिहितो. परंतु संगणकास प्रवासासाठी अंकांचा पत्ता लागतो. नावावरून अंक शोधून देणाऱ्या व्यवस्थेस डीएनएस म्हणतात. तो अंक मिळाल्यानंतरच प्रत्यक्ष संभाषण सुरू होते. हे संभाषण मधल्या कोणासही वाचता येऊ नये म्हणून जो सांकेतिक मार्ग योजतात, तो व्हीपीएन होय. ह्या मार्गास रूढ भाषेत बोगदा असे म्हणतात आणि ते नाव समर्पकही आहे. मात्र संभाषण बोगद्यातून जात असताना नावाची चौकशी बोगद्याबाहेर, घरच्या इंटरनेट सेवादात्याकडे जात राहिली, तर बोगद्याचा हेतूच निष्फळ होतो. ह्या दोषास डीएनएस-गळती अशी संज्ञा आहे. लिनक्स प्रणालीवर ही गळती का उद्भवते, ती कशी ओळखावी आणि कशी बंद करावी, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२. प्रश्न उघडा का राहिला

ही व्यवस्था ज्या काळात घडली, त्या काळाचा विचार केल्यास दोषाचे मूळ स्पष्ट होते. आरंभी जाळ्यावरील सर्व संगणकांची नावे एकाच यादीत असत आणि ती यादी कॅलिफोर्नियातील एका संशोधनसंस्थेत सांभाळली जाई. संगणकांची संख्या वाढू लागली तशी ती पद्धत अपुरी पडली. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये नावांची श्रेणीबद्ध व्यवस्था मांडली. तिचे आजही आधारभूत असलेले विवरण १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. ती रचताना यादी वाटून द्यावी आणि उत्तर त्वरित मिळावे हे हेतू मुख्य होते. गुप्तता हा त्या काळी प्रश्नच नव्हता. त्यामुळे नावाची चौकशी साध्या, उघड्या स्वरूपात, पोर्ट ५३ वरून जाते. चौकशी सांकेतिक करण्याच्या पद्धती पुष्कळ उशिरा, २०१६ व २०१८ मध्ये प्रमाणित झाल्या.

उघड्या चौकशीतून किती कळते, ह्याविषयी पुष्कळदा गैरसमज असतो. चौकशीत पानावरील मजकूर नसतो, फक्त नाव असते, हे खरे. परंतु नाव हीच पुष्कळदा पुरेशी माहिती असते. कर्करोगावरील उपचारकेंद्राचे, घटस्फोटाचे काम पाहणाऱ्या वकिलाचे किंवा नोकऱ्यांची जाहिरात देणाऱ्या स्थळाचे नाव कोणी, केव्हा व किती वेळा विचारले एवढ्यावरून त्या घरात काय चालले आहे ह्याचा अंदाज बांधता येतो. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘.भारत’ ही नामश्रेणी खुली झाली. अशा नावाच्या चौकशीतून तर विचारणाऱ्याच्या भाषेचाही सुगावा लागू शकतो.

उदाहरणादाखल कामोठ्यातील एक सदनिका डोळ्यांसमोर आणावी. घरात एकच राउटर आहे. मुलगी घरूनच एका कचेरीचे काम करते. वडिलांवर उपचार चालू आहेत आणि त्यांच्या तपासण्यांविषयीची माहिती तीच आपल्या लिनक्स संगणकावर शोधते. ही माहिती आपल्या डॉक्टरांखेरीज कोणास कळू नये अशी तिची इच्छा आहे आणि म्हणून तिने स्वतःसाठी एक व्हीपीएन घेतले आहे. पडद्यावर ‘जोडणी झाली’ असे दिसते. ह्या पाच अक्षरी आश्वासनावर तिने कितपत विसंबावे, हा येथील मूळ प्रश्न आहे.

३. लिनक्सवरील कर्तव्यांची वाटणी

लिनक्सवर मार्ग ठरविणे आणि नाव शोधणे ही कामे दोन वेगळ्या ठिकाणी होतात, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावयास हवी. कोणते पॅकेट कोणत्या वाटेने जाईल हे प्रणालीच्या गाभ्यातील मार्गसारणी ठरवते. नाव कोणास विचारावयाचे हे मात्र गाभा ठरवीत नाही. ते परंपरेने ‘इटीसी’ ह्या निर्देशिकेतील ‘रिझॉल्व्ह-कॉन्फ’ नावाच्या लहानशा फाइलीत लिहिलेले असते. व्हीपीएनचा प्रोग्राम मार्गसारणी बदलतो. पण फाइलीत काय लिहिलेले आहे ह्याची दखल तो घेईलच असे नाही.

त्या फाइलीवर हक्क सांगणारेही अनेक आहेत. वायफायची जोडणी सांभाळणारा नेटवर्क-मॅनेजर तीत लिहू शकतो. उबुंटूत, तसेच २०२० मधील फेडोरा ३३ पासून फेडोरातही, ‘सिस्टिमडी-रिझॉल्व्हड’ नावाचा मध्यस्थ आरंभापासून कार्यरत असतो. तो स्वतःचा १२७.०.०.५३ हा पत्ता तेथे ठेवतो आणि खरे डीएनएस सर्व्हर कोणते ह्याची नोंद आपल्याजवळ करतो. ओपनव्हीपीएनच्या २.६ पर्यंतच्या आवृत्त्यांत, दूरच्या सर्व्हरने ‘हा डीएनएस वापरावा’ असे कळवले, तरी लिनक्सवर ती सूचना आपोआप अमलात येत नाही. ती केवळ एका लिपीकडे सोपविली जाते आणि ती लिपी योजलेली नसेल, तर सूचना तेथेच विरून जाते. २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेल्या वायरगार्डचाही स्वभाव असाच आहे : गाभ्यातील भागास डीएनएस ठाऊक नाही, ते काम ‘डब्ल्यूजी-क्विक’ ही सोबतची लिपी करते.

तात्पर्य, गळती हा बोगद्याच्या भिंतीस पडलेला भेग-दोष नव्हे. दोन कारभाऱ्यांत निरोप न पोहोचल्याने घडणारा तो दोष आहे. भिंत कितीही जाड केली, तरी तो त्यामुळे दूर होत नाही.

४. गळतीची कारणे

पहिले आणि सर्वांत सामान्य कारण घरातील राउटरच होय. वायफायशी जोडताच राउटर संगणकास सांगतो की नावे मलाच विचारावीत. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो. व्हीपीएन सुरू झाल्यावर सर्व पॅकेटे बोगद्याकडे वळविणारा मार्ग सारणीत येतो. परंतु दोन मार्ग लागू पडत असतील, तर अधिक नेमका मार्ग निवडावा असा मार्गसारणीचा नियम आहे. ‘सर्व जगाकडे बोगद्यातून’ ह्या मार्गापेक्षा ‘ह्या घरातल्या पत्त्यांकडे थेट वायफायवरून’ हा मार्ग अधिक नेमका ठरतो. साहजिकच राउटरला विचारलेला प्रश्न बोगद्यात शिरतच नाही; राउटर तो पुढे सेवादात्याकडे उघडपणे पाठवून देतो. येथे कोणताही घटक बिघडलेला नाही. प्रत्येकाने आपला नियम पाळला आहे आणि तरीही गळती झाली आहे.

दुसरे कारण ‘रिझॉल्व्ह-कॉन्फ’च्या वाचनपद्धतीत आहे. ह्या फाइलीतील पहिले तीनच सर्व्हर विचारात घेतले जातात आणि ते क्रमाने. पहिल्याकडून साधारणतः पाच सेकंदांत उत्तर न आल्यास दुसऱ्यास विचारले जाते. पहिला व्हीपीएनचा आणि दुसरा राउटरचा असेल, तर एरवी सारे ठीक दिसते आणि बोगदा मंदावला की तेवढ्यापुरती गळती होते. असा दोष क्वचित दिसत असल्यामुळे अधिक फसवा असतो.

तिसरे कारण ‘सिस्टिमडी-रिझॉल्व्हड’शी निगडित आहे. हा मध्यस्थ प्रत्येक जोडणीचे डीएनएस सर्व्हर वेगवेगळे ठेवतो. विशिष्ट नाव अमुक जोडणीसच विचारावे असा नियम नसेल, तर सर्वसाधारण चौकशीस पात्र असलेल्या सर्व जोडण्यांवर तो एकाच वेळी विचारतो आणि पहिले उत्तर स्वीकारतो. म्हणजे व्हीपीएनचा सर्व्हर अचूक नोंदलेला असूनही तोच प्रश्न वायफायवरूनही बाहेर पडू शकतो.

चौथे कारण आयपीव्ही६ हे होय. भारतात, विशेषतः मोबाइल जाळ्यांवर, त्याचा प्रसार मोठा आहे. बोगदा फक्त जुन्या आयपीव्ही४ पुरता असेल आणि राउटर आयपीव्ही६ वरील डीएनएस सर्व्हरही जाहीर करीत असेल, तर ती दुसरी वाट मोकळीच राहते.

पाचवे कारण ब्राउझर. काही ब्राउझर प्रणालीस न विचारता स्वतःच सांकेतिक पद्धतीने एखाद्या तिसऱ्या संस्थेकडे नावे विचारतात. हा प्रश्न बोगद्यातून गेल्यास सेवादात्यास तो दिसत नाही. परंतु व्हीपीएनच्या डीएनएसला वगळून तो अन्यत्र पोहोचतो. ह्यास गळती म्हणावे किंवा नाही हे ती तिसरी संस्था वापरणाऱ्याने जाणूनबुजून निवडली आहे की नाही ह्यावर अवलंबून आहे.

ह्या सर्वांहून एक प्रकार वेगळा काढावयास हवा. व्हीपीएनच्या सर्व्हरचाच पत्ता नावाने दिलेला असेल, तर बोगदा उभा राहण्यापूर्वी ते एक नाव बाहेर विचारणे अपरिहार्य असते. त्यास गळती समजून चिंता करण्याचे कारण नाही.

५. परीक्षणाचा क्रम

गळती तपासून देणारी काही संकेतस्थळे आहेत आणि बहुतेक लोक तेथेच थांबतात. त्यांची रीत अशी : पूर्वी कोणीही न विचारलेले एखादे नाव तत्काळ घडवून ते ब्राउझरला शोधावयास लावावयाचे आणि त्याची चौकशी करण्यास कोणता डीएनएस सर्व्हर आला हे पलीकडे नोंदवावयाचे. ही रीत कल्पक असली, तरी तिला मर्यादा आहे. शेवटी कोण विचारावयास आले एवढेच ती सांगते; प्रश्न कोणत्या वाटेने गेला हे सांगत नाही. समजा, ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक सर्व्हर दिसला. त्यास बोगद्यातून विचारले असेल, तर सेवादात्यास काही कळत नाही. वायफायवरून उघड विचारले असेल, तर सेवादात्यास वाटेतच प्रत्येक नाव वाचता येते. दोन्ही वेळा तपासणीचे पान एकच उत्तर दाखवील. म्हणून निर्णायक पुरावा वाटेवरच घ्यावयास हवा.

त्यासाठी पुढील क्रम सोयीचा आहे. प्रथम, ‘रिझॉल्व्ह-कॉन्फ’ ही खरी फाइल आहे की मध्यस्थाच्या फाइलीकडे नेणारा दुवा आहे हे पाहावे. दुव्याच्या जागी कोणी खरी फाइल लिहून ठेवली असेल, तर मध्यस्थाकडील सर्व व्यवस्था वाया जाते. कारण प्रोग्राम त्याच्याकडे येतच नाहीत. दुसरे, मध्यस्थ कार्यरत असल्यास ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ ही आज्ञा देऊन प्रत्येक जोडणीपुढे कोणते सर्व्हर व कोणते नामनियम आहेत ते वाचावे. तिसरे, त्या प्रत्येक सर्व्हरचा पत्ता ‘आयपी राउट गेट’ ह्या आज्ञेस द्यावा. त्या पत्त्याकडचे पॅकेट बोगद्यातून जाईल की वायफायवरून, हे ती एका ओळीत सांगते. वर वर्णिलेले राउटरचे प्रकरण येथेच उघडकीस येते.

चौथी पायरी प्रत्यक्ष निरीक्षणाची. ‘टीसीपीडम्प’ हा प्रोग्राम वायफायच्या जोडणीवर, म्हणजे बोगद्यावर नव्हे, लावावा आणि पोर्ट ५३ व ८५३ कडे जाणारी पॅकेटेच दाखविण्यास सांगावे. मग दुसऱ्या खिडकीत एखादे नाव विचारावे. पडदा कोरा राहिल्यास चौकशी आत गेली. नाव उमटल्यास तीच गळती. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. आधी विचारलेल्या नावाचे उत्तर मध्यस्थाच्या स्मृतीत काही काळ साठविलेले असते आणि ते पुन्हा विचारल्यास कोठेच प्रश्न जात नाही. तेव्हा कोऱ्या पडद्याने खोटे समाधान होऊ नये म्हणून प्रत्येक खेपेस नवे नाव घ्यावे किंवा साठा आधी रिता करावा. पाचवी पायरी म्हणजे हेच परीक्षण आयपीव्ही६ साठी आणि प्रत्येक ब्राउझरसाठी पुन्हा करणे.

६. उपाय

उपाय करताना एक तत्त्व पाळावे : ज्याच्या हाती नोंद आहे, त्याच्याकरवीच ती बदलावी. ‘रिझॉल्व्ह-कॉन्फ’ हाताने दुरुस्त करून ती पुसली जाऊ नये म्हणून कुलूपबंद करण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो तात्पुरता लागू पडतो. परंतु व्हीपीएन बंद केल्यावर नावे सापडेनाशी होतात आणि मग त्रासलेला मनुष्य कुलूप काढून मूळ दोषाकडे परततो.

मध्यस्थ ‘सिस्टिमडी-रिझॉल्व्हड’ असेल, तर बोगद्याच्या जोडणीस व्हीपीएनचा सर्व्हर नोंदवून तिच्यापुढे ‘~.’ हा नामनियम लिहावा. ‘सर्व नावे येथेच विचारावीत’ असा त्याचा अर्थ आहे. ओपनव्हीपीएनसाठी ही नोंद करणारी लिपी उपलब्ध असते. ती केवळ स्थापित असून पुरत नाही, जोडणीच्या फाइलीत तिचा उल्लेख हवा. वायरगार्डमध्ये ‘डीएनएस’ची ओळ भरावी आणि तेथे दिलेला पत्ता बोगद्यातून जाण्यास अनुमती असलेल्या पत्त्यांत मोडतो ह्याची खात्री करावी. नेटवर्क-मॅनेजरमध्ये प्रत्येक जोडणीस डीएनएस-अग्रक्रमाचा अंक असतो. व्हीपीएनचा स्वाभाविक अंक ५० व इतरांचा १०० असल्याने व्हीपीएन आधी येते, परंतु इतर वगळले जात नाहीत. व्हीपीएनला ऋण अंक दिला, की त्याहून मोठा अंक असलेले सर्व सर्व्हर बाजूला सारले जातात. आयपीव्ही६ च्या बाबतीत बोगद्यातून त्याचीही वाट काढावी. ते शक्य नसल्यास व्हीपीएन चालू असेपर्यंत ती वाट बंद ठेवावी.

ह्यांवर शेवटचा पहारा म्हणून अग्निभिंतीत असा नियम घालावा की पोर्ट ५३ व ८५३ कडे जाणारी पॅकेटे केवळ बोगद्यातून किंवा संगणकाच्या स्वतःच्या आत जाऊ शकतील. असे केल्यावर व्हीपीएनच्या सर्व्हरचे नावही बाहेर विचारता येणार नाही. म्हणून त्याचा अंकरूप पत्ताच जोडणीच्या फाइलीत लिहून ठेवावा. बोगदा तुटला तर नावे सापडणे थांबेल. ही गैरसोय नव्हे, तर सूचना होय. कारण काम सुखाने चालू राहून नावे बाहेर जाणे हेच टाळावयाचे होते. अखेरीस संगणक निजवून जागा करावा, वायफाय सोडून मोबाइलच्या जाळ्यावर जावे, जोडणी तोडून पुन्हा जोडावी आणि प्रत्येक वेळी चौथ्या पायरीचे निरीक्षण करावे. पुष्कळ गळत्या स्थिर अवस्थेत नव्हे, तर अशा संक्रमणाच्या क्षणी होतात.

७. कोणास विचारावे, हा मूळ निर्णय

आतापर्यंतच्या विवेचनावरून सर्व प्रश्न बोगद्यात घालणे हाच सर्वकाळ उपाय आहे असे वाटण्याचा संभव आहे. परंतु ते बरोबर नाही. वरील सदनिकेतील मुलगी कचेरीच्या कामासाठी कचेरीचे व्हीपीएन जोडते तेव्हा परिस्थिती उलट होते. कचेरीतील अंतर्गत सर्व्हरांची नावे घरच्या सेवादात्याकडे जाणे ही कचेरीच्या दृष्टीने गळती आहे, पण ‘~.’ हा नियम त्या बोगद्यास लावल्यास वडिलांच्या आजाराविषयी ती जी नावे विचारील, ती कचेरीच्या सर्व्हरकडे जातील आणि तेथे नोंदविली जाऊ शकतील. ही उलट्या दिशेची गळतीच होय आणि तपासणीचे कोणतेही पान तिला दोष म्हणून दाखविणार नाही. येथे योग्य उपाय हा की कचेरीच्या नामश्रेणीपुरताच नियम त्या बोगद्यास द्यावा आणि इतर नावे अन्यत्र विचारावीत; घरच्या शोधासाठी शक्य तर वेगळा संगणकच वापरावा.

शिवाय गळती पूर्ण बंद झाली तरी प्रश्न नाहीसे होत नाहीत. ते ऐकणारा तेवढा बदलतो. सेवादात्याऐवजी आता व्हीपीएन चालविणारा ते ऐकतो. ह्यास कायद्याचीही बाजू आहे. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत व्हीपीएन पुरविणाऱ्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते व त्यांना दिलेले अंकपत्ते पाच वर्षे जपावेत असे सांगितले. नंतरच्या खुलाशाने कचेऱ्यांची अंतर्गत व्हीपीएन त्यांतून वगळली. काही परदेशी कंपन्यांनी त्याच वर्षी आपले सर्व्हर भारतातून हलविले. दुसरीकडे, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला आहे. हक्क आणि नोंद ह्यांच्यातील हा ताण संगणकाच्या फाइलीत सुटणारा नाही. परंतु आपला प्रश्न कोणाच्या कानी जातो हे जाणून घेणे प्रत्येकाच्या हाती आहे.

तेव्हा गळतीच्या चिकित्सेत आज्ञांपूर्वी एक निर्णय येतो : कोणती नावे कोणास कळलेली चालतील? तो निर्णय झाला म्हणजे नोंद कोठे करावी हे ठरते आणि ती पाळली जाते की नाही हे वायफायच्या जोडणीवर बसून पाहता येते. पडद्यावरील ‘जोडणी झाली’ हे शब्द केवळ वाट बंद असल्याचे सांगतात. नाक्यावर कोणी काही विचारले की नाही, ह्याची साक्ष नाक्यावरच घ्यावी लागते.